अकरा कागद कोठडीत

"पाच मिनिटं!" मादाम इन्साफ म्हणाल्या. "घड्याळ लावा हवं तर. पाच मिनिटांत अकराच्या अकरा कागद तुमच्या हातात!"

समोरच्या सोफ्यावर हज करून आलेल्या हज्जा सनिय्या आणि त्यांची मुलगी निव्हीन बसल्या होत्या. निव्हीन नर्स होती. परदेशातल्या एका इस्पितळात तिला नोकरी लागली होती, आणि त्या देशाच्या वकिलातीत आज दुपारी एकची वेळ मिळाली होती. चार महिने वाट बघून मिळालेली वेळ! ती हुकली की पुढची आणखी चार महिन्यांनी, आणि तोवर नोकरी दुसऱ्या कुणाला तरी. जन्मदाखल्यापासून अनुभवपत्रापर्यंत अकरा अरबी कागदांची इंग्रजी भाषांतरं मादाम इन्साफनी गुरुवारीच करून ठेवली होती. आता फक्त छापायची, शिक्का मारायचा आणि सही ठोकायची.

"नक्की ना, बाई?" हज्जांनी मांडीवरचा डबा सावरत विचारलं. "माझ्या भाच्याच्या कॉम्प्युटरला मागे व्हायरस झाला. लग्नाचे सगळे फोटो गेले. आता तो म्हणतो, पुरावा नाही तर लग्नही झालेलं नाही!"

"भाचा निष्काळजी असेल. माझ्याकडे हारिस आहे."

हारिस म्हणजे पहारेकरी. व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रामचं हे नाव. स्क्रीनच्या कोपऱ्यात मिशाळ शिपायाचं एक हिरवं चित्र असायचं, तोच तो.

"सात वर्षांत माझ्या कॉम्प्युटरला साधी शिंक आलेली नाही!" मादाम इन्साफ सांगत होत्या. "आणि परवा तर मी त्याची अख्खी सिस्टीम नवी करून घेतली. त्याने विचारलं, मोठं अपडेट आलंय, करू का? मी म्हटलं, कर! लोक घाबरतात. मी घाबरत नाही."

हे मात्र खरं होतं. वय वर्षं छप्पन, सरकारमान्य भाषांतरकार म्हणून तीस वर्षं काढलेली. अलेक्झांड्रियाच्या कॅम्प शीझार भागात मादाम इन्साफना त्यांची चूक दाखवून धडपणे घरी परतलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. अपवाद फक्त एक. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

त्यांनी ऐटीत जन्मदाखल्याची फाइल उघडली.

कॉम्प्युटरने भोंगा वाजवला. युद्धात वाजवतात तसा! स्क्रीन लालभडक झाली. शिपायाचं चित्र हिरव्याचं तांबडं झालं आणि खाली अक्षरं उमटली: 'धोका! संशयित पकडला. कोठडीत टाकला.'

"कोण पकडलं?" हज्जा दचकून उठल्या.

"काही नाही, काही नाही. जन्मदाखला."

"माझ्या पोरीचा जन्मदाखला कोठडीत? अहो बाई, तिच्या बापाच्या सात पिढ्यांत कुणी पोलीस चौकी पाहिली नाही!"

मादाम इन्साफनी पदविकेची फाइल उघडली. भोंगा! पदविका कोठडीत. अनुभवपत्र उघडलं. भोंगा! अनुभवपत्रही कोठडीत. रविवारच्या बाजारात पोलिसांची धाड पडावी तशी धरपकड चालू झाली. दोन मिनिटांत अकरा कागद गजाआड गेले. मादाम इन्साफनी छपाईयंत्र तरी चालू राहावं म्हणून त्याचं बटण दाबलं, तर हारिसने छपाईयंत्राचा प्रोग्रामही उचलला.

"नक्कल आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या, पण आता आवाज थोडा चिरकला होता. पर्समधून पेनड्राइव्ह काढून त्यांनी खोचला. हारिसने पेनड्राइव्ह आवंढा गिळावा तसा गिळला. आत काय होतं ते दाखवलंसुद्धा नाही.

मग खरी गंमत सुरू झाली. नव्या सिस्टीमबरोबर तिचा स्वतःचा एक पहारेकरी आला होता, बिनमिशीचा. त्याने हारिसकडे बघितलं आणि जाहीर केलं की हा मिशाळ इसम जुना आहे, नव्या सिस्टीमशी त्याचं जुळत नाही, तोच संशयित आहे. हारिसने उलट त्यालाच संशयित ठरवलं. एकाच दारावरच्या दोन रखवालदारांनी एकमेकांची गचांडी धरली, आणि पाहुणे राहिले बाहेर! कॉम्प्युटरचा पंखा असा घोंगावायला लागला की हज्जांनी निव्हीनला हाताला धरून भिंतीशी ओढलं. उडालंच ते यंत्र तर निदान मुलगी वाचावी.

शेवटी एक चौकट आली: 'हारिस नव्या सिस्टीमवर चालत नाही. काढून टाकायचा?'

"काढ मेल्याला!" मादाम इन्साफनी बटण दाबलं.

'पासवर्ड टाका,' हारिस म्हणाला.

मादाम इन्साफनी कीबोर्डवरून हात उचलला.

"काय झालं?" निव्हीनने हळूच विचारलं. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच बोलली होती.

"पासवर्ड मी ठेवलेला नाही. त्या... त्या माणसाने ठेवलाय."

त्यांनी त्या माणसाची जन्मतारीख टाकली. चूक. त्याच्या मांजरीचं नाव टाकलं. चूक. 'आडमुठा' असं टाकून बघितलं. तेही चूक! आणि मग स्क्रीनवर जे उमटलं ते वाचून त्यांनी कीबोर्ड लांब सारला: 'पाचपैकी तीन संधी संपल्या. पाचही संपल्यास कोठडीतील सर्व फाइली कायमच्या नष्ट होतील.'

घड्याळात साडेदहा वाजले होते. अकरा कागद नव्याने भाषांतर करायचे तर पूर्ण दिवस हवा. हारिस कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. पंचवीस मिनिटं बासरी ऐकवून झाल्यावर एक गोड आवाजाचा तरुण बोलला.

"मॅडम, सोपं आहे. पासवर्ड टाका आणि काढून टाका."

"पासवर्ड नाहीये माझ्याकडे!"

"मग ज्यांनी ठेवला त्यांना विचारा."

"त्यांच्याशी मी बोलत नाही!"

"मॅडम," तरुण क्षणभर विचार करून म्हणाला, "त्यासाठी आमच्याकडे विभाग नाही."

आता हा माणूस कोण? तर उस्ताझ रिफ्अत. उस्ताझ म्हणजे मानाने 'सर'. सात वर्षांपूर्वीपर्यंत याच कार्यालयाचे निम्मे मालक. भांडण झालं ते एका शब्दावरून. कुणाच्या तरी वारसाहक्काच्या कागदात मामाचा उल्लेख होता. रिफ्अतनी त्याचं इंग्रजीत नुसतं 'अंकल' केलं. इन्साफ म्हणाल्या, अंकल म्हणजे काकाही होतो, मावशीचा नवराही होतो आणि शेजारचा टकल्याही होतो. मामा म्हणजे आईचा भाऊ, तसं लिहा! रिफ्अत म्हणाले, इंग्रजांना एवढं कळत नाही. इन्साफ म्हणाल्या, तुम्हालाही कळत नाही! तीन दिवस ही लढाई चालली. चौथ्या दिवशी रिफ्अतनी आपलं टेबल, खुर्ची आणि कॉफीचं भांडं उचललं आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीत, अगदी समोरच्या मजल्यावर, स्वतःची पाटी लावली. त्यानंतर सात वर्षं दोघांत चकार शब्द नाही. ईदच्या शुभेच्छासुद्धा इमारतीच्या रखवालदारांमार्फत!

"म्हणजे तो माणूस त्या समोरच्या खिडकीत आहे?" हज्जांनी विचारलं.

"हो, पण मी..."

हज्जा सनिय्यांनी पुढचं ऐकलंच नाही. डबा निव्हीनच्या मांडीवर ठेवून त्या गॅलरीत गेल्या, दोन्ही हात तोंडापाशी धरले, आणि ट्रामच्या खडखडाटावर मात करत ओरडल्या, "ओ उस्ताझ रिफ्अत! लवकर या! तुमच्याशिवाय मादाम इन्साफचं काही चालत नाही हो!"

मादाम इन्साफनी डोळे मिटून घेतले.

समोरची खिडकी बंदच राहिली. पण खाली उसाच्या रसाचं दुकान होतं, आणि दसूकीकाकांचे कान तीस वर्षं चरकाच्या आवाजात राहूनही शाबूत होते. त्यांनी शेजारच्या औषधवाल्याला सांगितलं, "ऐकलंत? मादाम इन्साफ म्हणतात, रिफ्अतशिवाय जगणं अशक्य आहे!" औषधवाला धावत समोरच्या रखवालदाराकडे गेला. "त्या गॅलरीत उभ्या आहेत. जगायचं नाही म्हणतात!" रखवालदार जिन्यावरून वर पळाला. उस्ताझ रिफ्अत मागच्या खोलीत आरशासमोर दाढी करत होते. त्यांच्यापर्यंत बातमी पोचली ती अशी: "मादाम इन्साफ तुमचं नाव घेत गॅलरीतून उडी टाकतायत!"

तीन मिनिटांनी कार्यालयाचं दार धाडकन उघडलं. उस्ताझ रिफ्अत! अर्ध्या गालावर साबणाचा फेस, खांद्यावर टॉवेल, एका पायात बूट आणि दुसऱ्यात सपात. लिफ्ट बंद, म्हणून तीन मजले धावत चढलेले.

"इन्साफ! खिडकीपासून लांब व्हा!" ते धापा टाकत ओरडले. "मरायचं नाही! एका शब्दासाठी कुणी मरतं का?"

मादाम इन्साफ खुर्चीत बसून शिक्क्याची शाई तपासत होत्या. त्यांनी मान वर केली. "कोण मरतंय?"

मागोमाग रखवालदार, औषधवाला आणि हातात रसाचा ग्लास घेऊन दसूकीकाका आत घुसले. दसूकीकाकांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणीच मेलेलं दिसेना, तेव्हा त्यांनी ग्लास रिफ्अतच्या हातात दिला.

"पासवर्ड हवाय," मादाम इन्साफ भिंतीकडे बघत म्हणाल्या. "हारिसचा. दुसरं काही नाही."

रिफ्अतनी रस घटाघट प्यायला. मग टॉवेलने गालावरचा फेस पुसला, छाती पुढे काढली आणि म्हणाले, "असं होय! सात वर्षांनी मादाम इन्साफना माझी गरज पडली. देईन की. आधी कबूल करा, त्या मामाच्या बाबतीत माझं चुकलं नव्हतं."

"जीव गेला तरी नाही!"

"मग राहू दे तुमचा हारिस."

"राहू दे!"

"अहो!" हज्जा मध्ये पडल्या. "तुम्हा दोघांच्या मामाचं काय करायचं ते नंतर करा! माझ्या पोरीची एकची वेळ आहे!"

निव्हीन उठली. तिने पिशवी खांद्याला अडकवली. "चल, आई," ती शांतपणे म्हणाली. "मादाम, तुम्ही खूप प्रयत्न केलात. मी पुन्हा वेळ मागेन. नोकरी काय, एखादी दुसरी बघेन."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मादाम इन्साफना लागलं. रडली असती, भांडली असती तर त्यांनी सुनावून दिलं असतं. त्या उठल्या. तीस वर्षांत जे जमलं नव्हतं ते करायला तोंड उघडलं.

"उस्ताझ रिफ्अत," त्या म्हणाल्या, "त्या मामाच्या बाबतीत... तुमचं..."

दसूकीकाका पुढे वाकले.

"थांबा!" रिफ्अतच ओरडले. चेहरा एकदम पडला होता. "नको. म्हणू नका. मीच टाकतो पासवर्ड. पण सगळ्यांनी पाठ फिरवा!"

सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. रिफ्अतनी खुर्ची ओढली, टॉवेल डोक्यावरून कीबोर्डपर्यंत पांघरला आणि आत शिरून टपटप बोटं चालवली. हज्जांनी मात्र मान वळवून बघितलंच. "पंधरा ठिपके आले," त्यांनी भिंतीला सांगितलं.

भोंगा! 'चूक. आता एकच संधी.'

"अशक्य!" रिफ्अत टॉवेलातून बाहेर आले. "हाच आहे! मला झोपेत विचारलंत तरी हाच सांगेन!"

मादाम इन्साफ पुढे झाल्या, चष्मा नाकावर चढवला आणि कोपऱ्यात बघितलं. "कीबोर्ड अरबीवर गेलाय. अपडेटने उलटापालट केलीय. तुम्ही इंग्रजी अक्षरं दाबताय आणि उमटतायत अरबी. आता शेवटची संधी आहे, आंधळेपणाने टाकायची नाही. ते डोळ्याचं चिन्ह दाबा, म्हणजे अक्षरं दिसतील."

"डोळा नको!"

"का नको?"

"खाजगी आहे!"

"म्हणजे शिवी आहे माझ्या नावाने," मादाम इन्साफ म्हणाल्या. "मला ठाऊकच होतं. भाषांतर करून आणखी चांगली सुचवीन हवी तर. दाबा डोळा!"

पावणेबारा वाजले होते. रिफ्अतनी निव्हीनकडे बघितलं, तिच्या पिशवीकडे बघितलं, आणि डोळा दाबला. मग एकेका बोटाने, दात उपटून घ्यावेत तशी अक्षरं टाकायला लागले. मुलं फोनवर लिहितात तशी अरबी बोली, इंग्रजी अक्षरांत, मध्ये मध्ये आकडे. निव्हीन मोठ्याने वाचत गेली, कारण आता पाठ कुणीच फिरवली नव्हती.

"इन्साफ..."

"बघा, माझंच नाव!" मादाम इन्साफ म्हणाल्या.

"इन्साफचं..."

"येऊ द्या, येऊ द्या."

"इन्साफचं बरोबर आहे."

टिंग! हारिस मुकाट्याने दारातून बाहेर निघाला. पण त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

"हा..." मादाम इन्साफना शब्द सापडेना. तीन भाषांपैकी एकाही भाषेत! "हा कधी ठेवलात?"

"मी गेलो त्या दिवशी सकाळी," रिफ्अत टॉवेलाशी खेळत म्हणाले. "रात्रभर विचार केला. मामा म्हणजे आईचा भाऊच लिहायला हवं होतं. पण तोंडाने म्हणवेना. मला वाटलं, आठवडाभरात काहीतरी बिघडेल, तुम्ही पासवर्ड विचारायला याल आणि तुम्हाला आपोआप कळेल. आठवडाभर खिडकीत बसून होतो. बिघडेचना! एवढा चांगला चालणारा प्रोग्राम मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. मग खिडकी बंद केली."

दसूकीकाकांनी डोळे टिपले. हज्जांनी डब्याचं झाकण उघडून द्राक्षाच्या पानांच्या भातभरल्या वळकट्यांपैकी एक रिफ्अतच्या हातावर ठेवली. काही सुचेनासं झालं की त्या खाऊ घालत.

"उस्ताझ," मादाम इन्साफ म्हणाल्या आणि जरा थांबल्या. सगळ्यांना वाटलं, आता काहीतरी हळवं येणार. "बसा. अकरा कागद आहेत. मी छापते, तुम्ही तपासा!"

आणि मग त्या कार्यालयात जे काम झालं ते सात वर्षांत झालं नव्हतं! कोठडीतून सुटलेले कागद एकामागून एक छापून बाहेर येत होते. रिफ्अत ओळ न ओळ तपासत होते. मादाम इन्साफ असे शिक्के मारत होत्या की टेबलावरचे कप नाचत होते. रखवालदार कागद फुंकून शाई वाळवत होता. औषधवाल्याने आपल्या दुकानातलं जाडजूड पाकीट आणलं. बारा वाजून पंचवीस मिनिटांनी निव्हीन आणि हज्जा टॅक्सीत बसल्या. मादाम इन्साफ गॅलरीत आल्या. खाली सगळी गल्ली वर बघत होती.

"माझं बरोबर होतं!" त्यांनी जाहीर केलं. "लेखी पुरावा आहे!"

गल्लीने टाळ्या वाजवल्या. कशाबद्दल ते निम्म्यांना ठाऊक नव्हतं, पण मादाम इन्साफचं बरोबर असतं हे मान्य करायला कारण लागत नसे. रिफ्अत मागे उभे होते, आता दुसऱ्या पायातही सपातच घालून, आणि चक्क हसत होते.

दीड वाजता फोन वाजला. मादाम इन्साफनी तो झडप घालून उचलला. रिफ्अत, दसूकीकाका, औषधवाला, सगळे गोल करून उभे.

"झालं, बाई!" पलीकडून हज्जा आनंदाने किंचाळल्या. "घेतले! दोन मिनिटांत घेतले कागद! पुढच्या महिन्यात पोर जाणार!"

"अल्लाची कृपा!" मादाम इन्साफचा ऊर भरून आला. "आणि भाषांतराला काय म्हणाले?"

"कुठल्या?"

"कुठल्या म्हणजे? अकरा कागद!"

"अहो, ते होय! ते लागलेच नाहीत. तिथे आता एक लेबनानी बाई बसवलीय, अरबी असं फाडफाड वाचते! म्हणाली, या महिन्यापासून नियम बदललाय, मूळ कागदच द्या, भाषांतर नको. पण फुकट नाही हो गेले. बाहेर रांगेत काय ऊन होतं! मी आणि निव्हीनने त्यांनीच वारा घेतला. काय मस्त जाड कागद वापरता तुम्ही! मागच्या दोघी बायकांनासुद्धा दिले दोन-दोन."

मादाम इन्साफनी फोन खाली ठेवला. समोर चार चेहरे श्वास रोखून बघत होते. एका शब्दासाठी सात वर्षं भांडलेल्या त्या बाईने आयुष्यात कधी अर्धं वाक्य गाळलं नव्हतं.

"काम झालं," त्या म्हणाल्या. "दोन मिनिटांत. एकही चूक निघाली नाही."

"वा!" रिफ्अतनी टॉवेल हवेत उडवला. "आणि आपलं भाषांतर? त्याबद्दल काही बोलले?"

"हो," मादाम इन्साफ शिक्क्याचं झाकण लावत, कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "फार उपयोगी पडलं म्हणाल्या."